सव्वासहाच्या गाडीपर्यंत ऐकलेले गाणे

मी, वीरभद्र मल्लिनाथ होनराव, वय ७४, निवृत्त शिक्षक व संगीत समीक्षक, राहणार धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. मन मात्र महिनाभर ठिकाणावर नाही, आणि ते लपवून खाली सही करणे मला बरे वाटत नाही.

१. मागच्या महिन्यात केलेला मसुदा रद्द समजावा. त्यात मी लिहिले होते की, सत्तावीस वर्षे या जिल्ह्यातल्या मैफलींची परीक्षणे केली आणि स्वतः ऐकल्याशिवाय एक ओळ लिहिली नाही. कचेरीसमोर टायपिंग करून देणाऱ्या बाईंचा हात नेमका तिथे थांबला.

"सर, हे वाक्य असंच ठेवू का?"

का, असे मी विचारले.

"मी गौरी बनसोडे, बेंबळीची. मी भैरवी उरकली, असं तुम्ही लिहिलं होतं. त्या दिवशी मी भैरवी गायलेच नव्हते."

तिने आवाज चढवला नाही. 

२. खुलासा असा. माझे लिखाण सोलापूरच्या एका दैनिकात येई. त्यासाठी पाकीट सव्वासहाच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यावे लागे. मैफल चारला सुरू होऊन साडेसातला संपे. मी पहिला विलंबित ख्याल ऐकून उठत असे आणि पुढचे स्टँडच्या बाकावर बसून लिहीत असे. शेवटी भैरवी असतेच, म्हणून तीही लिहीत असे. जानेवारी १९९८ मधल्या त्या रविवारी एकोणीस वर्षांच्या गौरीने शेवटी आपल्या आजीची दळणाची ओवी म्हटली. बायामाणसे रडली म्हणतात. तिच्या वडिलांना, राजपाल यांना, रागांची नावे ठाऊक नव्हती. त्या ओवीलाच भैरवी म्हणत असतील आणि पोरीने ती बिघडवली असेल, असे समजून त्यांनी तिचे शिकणे बंद केले.

३. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी सत्यभामा हिच्या. हा प्रकार मृत्युपत्रात लिहून ठेवतो, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मेल्यावर कशाला सांगताव? आजच जावा की." म्हणून मी बेंबळीला गेलो.

४. राजपाल यांनी माझे कात्रण प्लास्टिकमध्ये घालून ठेवले आहे. मी खोटे लिहिले असे सांगितले, तर ते माझीच समजूत काढू लागले. "सर, तुम्ही जाणकार माणूस. छापून आलंय ते खोटं कसं असंल? मलाच तवा कळलं नसंल."  पोरीचे गाणे माझ्या एका ओळीने गेले, हे मला ठाऊक झाले होते. या माणसाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वासही त्याच ओळीने गेला, हे मला तिथे दिसले. खुलासा छापावा, तर ते दैनिक आता बंद पडले आहे. "मंग शिक्क्याच्या कागदावर लिहून द्या," असे ते म्हणाले. त्यानुसार लिहून देतो: त्या परीक्षणातला भैरवीचा मजकूर खोटा आहे. ते गाणे मी ऐकले नव्हते. मला त्याची लाज वाटते.

५. परीक्षणांच्या सात वह्या वाचनालयाला द्याव्यात. प्रत्येक कात्रणावर, किती वेळ ऐकले ते मी तांबड्या पेनाने लिहीत आहे. काम पुरे होण्याआधी मी गेलो, तर उरलेल्यांवर सत्यभामाने 'अर्धेच ऐकले' असे लिहावे. तिला कोणाला विचारण्याची गरज पडणार नाही.

६. मागच्या मसुद्यात ठरवलेला, माझ्या नावे उत्कृष्ट समीक्षकाला द्यायचा पुरस्कार रद्द. असला चावटपणा कोणी परस्पर सुरू करू नये.

७. जिल्ह्यात समीक्षक मी एकटा. माझे कात्रण जोडल्याशिवाय बाहेरगावी कार्यक्रम मिळत नसे, त्यामुळे तोंडावर कोणी बोलत नसे. पेटी वाजवणारा गुंडप्पा एकदा चारचौघांत म्हणाला, "होनराव सर कानानं न्हाय, घड्याळानं ऐकतेत." त्यानंतर अकरा वर्षे मी त्याचे नाव एकाही परीक्षणात येऊ दिले नाही. माझे ते घड्याळ त्याला ठेवणार होतो. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले, आणि साक्षीदार मला तोच हवा आहे. म्हणून घड्याळ आजच त्याच्या हाती दिले. बंद आहे का ते त्याने आधी कानाला लावून पाहिले.

८. माझा तंबोरा गौरी राजपाल बनसोडे हिला. तिला विचारले, तर म्हणाली, "दुकानात जागा न्हाय, सर." घरी, असे मी म्हणालो. "बघू," म्हणाली. तिने गावे अशी अट नाही. गायलीच, तर त्यावर कोणी लिहू नये.

हा मजकूर गौरीनेच टाइप केला. या वेळी ती कुठे थांबली नाही. वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

धाराशिव, दि. ११ ऑगस्ट २०२५
(सही) वीरभद्र मल्लिनाथ होनराव

साक्षीदार:

१. (सही) गुंडप्पा विरुपाक्ष पाटणे, धाराशिव

२. (सही) राजपाल तात्याराव बनसोडे, बेंबळी
सहीखाली त्यांनी स्वहस्ते लिहिले: वाचलं. मी त्या दिवशी शेवटपर्यंत बसलो होतो. माझी पोरगी चांगली गायली होती.