आम्ही जाऊन आलो

१७ फेब्रुवारी

माझ्या खोलीची खिडकी पूर्ण बंद होत नाही. वसतिगृहाच्या रखवालदाराला तीनदा सांगितलं. दर वेळी येतो, खिडकीकडे बघतो, मान हलवतो आणि जातो. मान मलाही हलवता येते!

शेवटी पेन्सिलने फटीत माझाच मोजा कोंबला. म्हणाली, "सुतळी, तुझ्या चिडण्याने खिडकी बंद होत असती ना, तर एव्हाना तिथे भिंत झाली असती."

सुतळी हे नाव तिनेच ठेवलेलं. बराच वेळ नुसता धूर, मग एकदम आवाज. तिचं नाव मात्र बाबांनी ठेवलं. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकायला आली तेव्हा सीटबेल्ट लावूनसुद्धा ती आतल्या आत सरकायची. बाबा म्हणाले, "पेन्सिल, आपण आधी पोटभर जेवायला शिकू, क्लचचं मग बघू." तेव्हापासून ती आमच्याच घरची. कॉलेज एक, वर्ग एक, आता या सत्रापुरतं परदेशातलं विद्यापीठही एक. प्रकल्पसुद्धा दोघींचा मिळून – चिकणमातीचा उतार भिजला की केव्हा घसरतो.

संध्याकाळी बाबांचा व्हॉइस मेसेज. "आपण आज एका शिकाऊला रस्त्यावर सोडलं, त्याने कुंपण पाडलं. आपण जेवलो का?" पहिलं 'आपण' म्हणजे ते, दुसरं म्हणजे मी. जन्मभर शेजारच्या सीटवर बसून 'आपण ब्रेक दाबू, आपण डावीकडे वळू' म्हटल्यावर दुसरं काही तोंडात येतच नाही त्यांच्या. टाइप कधी करत नाहीत. म्हणतात, आपली बोटं जाड आहेत.

२७ फेब्रुवारी

तिकिटं काढली! १४ मार्च, शनिवार. गाडीच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत, तिथून समुद्राच्या बांधावरून चालत दीपगृह.

हे सगळं बाबांच्या कॅलेंडरमुळे. ड्रायव्हिंग स्कूलच्या कॅलेंडरवर दीपगृह कशाला, असं आईने तेव्हाच विचारलं होतं. छापखान्यात तेवढंच चित्र शिल्लक होतं म्हणे. ते पान तिकडे कॉलेजच्या वसतिगृहात आमच्या कपाटाच्या दाराला दोन वर्षं होतं. हे विद्यापीठ त्या दीपगृहाच्या जवळ आहे, हे पेन्सिलने शोधून काढलं आणि दोघींनी अर्ज केले. निघताना बाबा म्हणाले, "आपण पोचलो की कळवा." पेन्सिल म्हणाली, "पहिला फोन तुम्हालाच, काका."

१३ मार्च, शुक्रवार

उद्याचं रद्द. पेन्सिलच्या पोटात दुखतंय. तिने दाराबाहेरूनच सांगितलं, आतसुद्धा आली नाही. मी ओव्याचं पाणी करून नेलं तर दार उघडेना. म्हणाली, झोपू दे.

झोप बाई. पोट काय कॅलेंडर बघून दुखत नाही.

२२ मार्च, रविवार

"आम्ही जाऊन आलो."

असं म्हणाली. मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, सिंकपाशी उभी राहून, बुटातली वाळू झटकत. समोरच्या खोलीतली सायकलवाली आणि तिचा दाढीवाला मित्र टेबलाशी चहा पीत बसले होते. तिघांचे गाल वाऱ्याने लाल. मी विचारलं, कुठे गेला होतात? पेन्सिल बुटाकडेच बघत म्हणाली, "दीपगृहाला. आम्ही जाऊन आलो."

आठवड्यापूर्वी पोट दुखत होतं ना? माझ्याबरोबर जायचं तर दुखतं आणि यांच्याबरोबर जायचं तर बरं होतं?

आणि 'आम्ही'! या अख्ख्या इमारतीत 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक कळणारी दोनच माणसं. एक ती, एक मी. म्हणजे तो शब्द खास माझ्यासाठीच होता. 'आपण' म्हटलं की समोरचं माणूस आत येतं. 'आम्ही' म्हटलं की दार लावून घेतलं, तू बाहेर. दोन वर्षं 'आपण जाऊ, आपण जाऊ' चाललं होतं. जायची वेळ आली तेव्हा मी बाहेर!

हातातली बशी आपटली. फुटलीसुद्धा नाही मेली.

२४ मार्च

बोलले नाही. तीही बोलली नाही.

२९ मार्च

आईचा फोन. पेन्सिल कशी आहे, जपून राहा दोघी, एकमेकींना सोडू नका. हेच पुराण. मी हं हं करून ठेवला. हल्ली घरी फोन करायचंच जिवावर येतं, पहिला प्रश्न तिच्याबद्दल असतो. बाबांशी तिची इतकी गट्टी, भांडण सांगितलं तर माझेच कान उपटतील.

बाबांचा घसा बसलाय म्हणे. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय. शिकाऊंवर ओरडून बसला असणार. आज त्यांनी मेसेज चक्क टाइप केला – 'काळजी करू नकोस. अभ्यास कर.' पूर्णविरामासकट! म्हटलं, वा, बोटं बारीक झाली वाटतं.

३ एप्रिल

वर्गाची सहल. सहल कसली, घसरलेली टेकडी बघायला गेलो. बसमध्ये मी माझ्या शेजारी दप्तर ठेवलं, म्हणजे ती आली तर काढावं लागेल आणि काढायचं की नाही ते मी ठरवेन. ती आलीच नाही. सरळ मागे जाऊन सायकलवालीशेजारी बसली. दप्तराला अख्खी खिडकी मिळाली.

टेकडीवर मॅडम सांगत होत्या – वरून काही दिसत नाही, गवतसुद्धा जागच्या जागी असतं, आत पाणी मुरत राहतं, मग एक दिवस सगळा उतार खाली येतो. पेन्सिल माझ्याकडे बघत होती. मी वळून बघितलं तर लगेच मान खाली. बघायचं तर सरळ बघ ना! चोरासारखं काय बघतेस?

८ एप्रिल

तिने प्रयोगशाळेतली वेळ बदलून घेतली. मी सकाळी मातीच्या डब्या ओव्हनमध्ये लावायच्या, तिने दुपारी येऊन काढायच्या. वजनं टेबलावर लिहून ठेवते. सुवाच्य अक्षर, एक शब्द जास्त नाही. ओव्हनवाले काका म्हणाले, "तुम्ही दोघी काय सासू-सून आहात का? एक आली की दुसरी जाते." मला हसू आलं म्हणून आणखी राग आला.

टेबलावर सफरचंद ठेवलेलं असतं. रोज. माझ्यासाठी असावं. खात नाही मी. काकांना देते.

१२ एप्रिल

मीही जाऊन आले. एकटी. तिच्या नाकावर टिच्चून!

नकाशावर कुठेतरी बोट ठेवलं आणि ज्या गावावर पडलं तिथे गेले. पोचले तेव्हा संग्रहालय बंद, बाजार बंद, एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता तो आणि मी, बास. स्टेशनवर गार पाव खाल्ला. परतीची गाडी चुकली कारण फलाट बदलल्याची घोषणा मला कळली नाही. ती असती तर कळली असती, तिचा कान बरा आहे. पुढची गाडी येईपर्यंत बाकावर बसून मी तिला मनातल्या मनात इतकं बोलले की घसा दुखला.

परत आले तर मजल्याच्या जिन्यात बसलेली. मला बघून उठली आणि आत गेली. वाट बघत होती की काय? कशासाठी? मेले की जगले ते बघायला?

२२ एप्रिल

सायकलवालीशी आज पहिल्यांदा नीट बोलणं झालं. मी तिला उगाच शिंगं दाखवत होते, पोरगी सरळ आहे. मला विचारते, तुमचं काय बिनसलंय? मी सगळं सांगितलं. 'आम्ही' आणि 'आपण' पण सांगितलं. तिला गंमत वाटली. तिच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. सोय आहे, कुणाला वगळलं ते कळतच नाही.

मग म्हणाली, "पण तिथे ती आमच्याबरोबर नव्हतीच गं. आम्हाला बांधावर थांबवून एकटीच पुढे गेली. बराच वेळ फोन धरून बोलत होती. आली तेव्हा डोळे सुजलेले."

नवीनच ऐकलं. कुणीतरी भेटलेला दिसतोय. म्हणजे तेही लपवलं माझ्यापासून! शाळेतल्या पोरांपासून सगळं मला सांगणारी. आणि रडायला माझं दीपगृह वापरलं!

सायकलवाली जाताना दारातून म्हणाली, "आपण उद्या चहा." बरोबर वापरला शब्द. तिला जमतं.

९ मे

स्फोट झाला. सादरीकरणाचे तक्ते करायला एकत्र बसणं भाग होतं. ती आलेख लावत होती, मी नुसती बघत होते. शेवटी म्हटलं, एकदा काय ते बोलून टाक. मी काय केलंय तुझं? नवीन माणसं मिळाली, जुनं नकोसं झालं, एवढंच ना? तसं सांग, मी मोकळी.

पांढरी पडली. म्हणाली, "सादरीकरण होऊ दे. मग सगळं सांगते. तोवर मला काही विचारू नकोस, तुझ्या पाया पडते."

मी म्हटलं, "तोवर मला ऐकायचं उरणार नाही."

रडायला लागली. रडण्याचा हक्क माझा आणि रडतेय ही! तिचं नाक पुसायला माझा हात पुढे गेला होता. मागे घेतला.

१४ मे

बाबांशी बोलायचं होतं. आई म्हणाली, शिकाऊंची नवी तुकडी आलीय, बाहेर आहेत. सकाळीही बाहेर, संध्याकाळीही बाहेर. माझ्यासाठी कुणालाच वेळ नाही. बरं.

२० मे

सादरीकरण झालं. चांगलं झालं, मॅडम उभ्या राहिल्या. घसरणीचा प्रश्न आला तेव्हा मी अडखळले आणि पेन्सिलने अलगद पुढचं उत्तर उचललं. क्षणभर पूर्वीसारखं वाटलं. याचाही राग आला.

नंतर माझ्या दारात आली. हात मागे बांधून, शाळेत शिक्षा झाल्यासारखी. म्हणाली, "आत येऊ का? जरा बस. मला काही सांगायचंय."

महिनाभर घासून ठेवलेलं वाक्य मी तिच्या तोंडावर मारलं. म्हटलं, "आम्हाला वेळ नाही."

आणि दार लावलं. बराच वेळ तिची पावलं हलली नाहीत. मला इतकं बरं वाटलं! जेवायला गेले, दोनदा वाढून घेतलं.

आल्यावर बघितलं तर बाबांचा मेसेज. 'सादरीकरण चांगले झाले असेल. आम्ही सगळे मजेत आहोत.'

घ्या. बाबासुद्धा 'आम्ही'!

२१ मे, सकाळ

बाबा 'आम्ही' म्हणत नाहीत.

दात घासताना लक्षात आलं. तोंडातला फेससुद्धा न थुंकता दादाला फोन लावला, बाबांना दे म्हटलं. तो रडायला लागला. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा माणूस.

बारा मार्चला. शिकाऊ गाडी चालवत होता, बाबा शेजारी. बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. आता काठी धरून चालतात. सगळं समजतं, बोलता येत नाही. मेसेज दादा लिहीत होता. "तुझं सादरीकरण होईपर्यंत सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं." मला अचानक कळलं तर इथे कुणीतरी जवळ हवं, म्हणून दुसऱ्या दिवशी एकट्या पेन्सिलला सांगितलं. शपथ घालून. ती म्हणाली होती, "मी सुतळीशेजारी दोन तास बसले तरी तोंडातून निघून जाईल." काल तीच सांगणार होती.

मग दादाने व्हिडिओ पाठवला. बाबा रोज बघतात म्हणाला, दिवसातून कितीदा तरी. समुद्र, वारा, कॅलेंडरवरचं दीपगृह, आणि पेन्सिलचा हसरा चेहरा. "काका, आपण पोचलो. सुतळी तिकडे फोटो काढत बसलीय. थांबा, बोलावते." मग ती मागे वळते आणि रिकाम्या बांधाकडे बघून मला हाक मारते.