निळा धागा

हिंगणघाट, सोमवार संध्याकाळ

आज पुन्हा सूतगिरणीत आलेल्या कापसात निळे प्लास्टिकचे धागे. खताच्या पोत्यांत कापूस भरला की हे होणारच. पूर्वी गोदामात कापसाच्या जादा गाठी असायच्या, खराब बाजूला सारून दुसरी फोडायचो. आता साहेबांनी गोदामच बंद केलंय. रोज लागेल तेवढाच माल मागवतात. म्हणून दुपारीच यंत्रं थांबली. कामावरच्या बायांना घरी जा म्हणालो. मीच. काय तोंडानं?

घरी येतो तर गावाकडून, हिंगणीहून, शेती पाहणाऱ्या धाकट्या भावाचा फोन. "दादा, वेचणी सुरू हाय. मागच्या साली तुह्याकडं ठेवलेली खताची रिकामी पोती पाठवजो."

"त्याचे धागे कापसात जातात रे."

"मंग कायच्यात भरू? तुही गिरणी कापडी पोती देते काय?"

नाही देत. पोती बांधून दाराशी ठेवली आहेत. हाताला निळा धागा चिकटलाय.