हौसा कोण?

२ जून
नि.ने जुना फोन सा.बाईंना दिला. भजनं ऐकायची आहेत म्हणे. दुपारी आता त्या आपल्या खोलीत, मी हॉलमध्ये. फोनवरचा लढाईचा खेळ निवांत खेळता येईल.

५ जून
खेळातल्या आमच्या टोळीत नवी बाई आली. नाव हौसा, काम जडीबुटी विकणं. सगळे हसले. आमच्यात कोणी वज्रबाहू, कोणी रणचंडी, आणि ही हौसा! टोळीप्रमुख म्हणाला, नाव बदल, लढाईत कोण घाबरेल? तिने लिहिलं, "एकदा बदललंय. आता नाही."

मला आवडली.

८ जून
खेळात मी अश्विनी, घोडेस्वार. माहेरचं नाव, जसंच्या तसं. इथे पंचवटीत मधुरा. नि.ने लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलं, निवडलं सा.बाईंनी. वाईट नाही, पण हाक आली की अजून वाटतं, दुसऱ्याच कोणालातरी मारली.

टोळीचा नियम: खरं नाव विचारायचं नाही, घरचं रडगाणंसुद्धा त्या जगाच्या भाषेत. म्हणून सा.बाई तिथे 'किल्लेदारीण'. आज मनसोक्त बोलले. फोडणीतल्या मोहरीवरही पहारा असतो तिचा, वगैरे. हौसा म्हणाली, "तिलाही कोणीतरी गडावर आणूनच सोडलं असेल."

शहाणीच आहे!

१२ जून
हौसा: "अश्विनी, मेथी निवडून झाली?"
मेथीची जुडी माझ्या पुढ्यात! मनात पाल चुकचुकली. हा नि.च. ऑफिसात बसून पाळत ठेवतोय. मागे फोन बघून म्हणाला होता, "लहान आहेस का गं?" चेष्टा करकरून खेळ बंद पाडेल. मग मला अश्विनी म्हणणारं उरलं कोण? बाबा होते, ते गेले.

१५ जून
नि. बेसिनपाशी दाढी करत होता, दोन्ही हात फेसात. तेवढ्यात हौसाचा निरोप, घोड्याला पाला आणलाय.
म्हणजे नि. नाही. मग घरातलं कोणाला कळतंय? समोरच्या वहिनी? खिडकीचा पडदा ओढून घेतला.

१८ जून
सटाण्याहून सा.बाईंचे भाऊ आले, कांद्याची गोणी घेऊन. दारातूनच, "काय हौसा, बरी शे ना?"
मी पाणी द्यायचंच विसरले. मामा मला म्हणाले, "आमनी हौसाच ती. सुनंदा तुमच्याकडचं नाव."
सा.बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत होत्या.

किल्लेदारीण, मोहरी... सगळं तिलाच सांगितलं मी! लाजेने मेले. मग राग आला. माझं नाव त्यांनीच बदललं, म्हणजे अश्विनी कोण ते पहिल्या दिवसापासून ठाऊक. माझ्यावर नजर ठेवायला आल्या, की स्वतःच्या नावासाठी? आणि स्वतःचं इतकं हवंसं होतं तर माझं का...

१९ जून
दुपारी हौसा नदीकाठी बसलेली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं, भजन वगैरे काही नाही. विचारणार होते, माझं नाव का बदललंत? बोट धजेना. लिहिलं, "हौसा, चहा घेणार?"

स्क्रीनवर काहीच नाही. मग आतून आवाज आला, "आलं घाल गं."

नाव घेतलं नाही. मधुरा नाही, अश्विनीही नाही. मी आधण ठेवलं.