कटल्यासाठी चार दिवस

३ नोव्हेंबर, सोमवार

आजही रिकाम्या हाती! बारक्या चिलापी माशांनी चारा कुरतडून संपवला, कटल्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. गडबच्या तळ्यात तो आहे हे नक्की. सकाळी पाठ दिसते त्याची.

बापूंना सतरा तारखेला दवाखान्यात भरती करायचंय. स्वरयंत्र काढणार. गणपतीत गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली; तिच्यावर बोट ठेवलं की घोगरं का होईना, बोलतात. ऑपरेशननंतर तेही नाही. या माणसानं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. आता मागितलं — "सुशील, मोठा कटला काढ. तूच काढ. मना बघायचाय."

५ नोव्हेंबर

नुसत्या कणकेचा गोळा लावला. बापूंनी पाहिला आणि मान फिरवली.

६ नोव्हेंबर

कारण कळलं! बापू म्हणाले, "तुझ्या हाताला कंपनीचा वास हाय. मासा शाना. शिवनार नाय."

खरंच असेल. धाटावच्या कंपनीत अकरा वर्षं केमिकलची पिंपं हलवतोय. हाताला चिंच लावली, राख लावली. मनालीला हुंगायला लावलं. "मला तर चिंचेचाच येतोय," बायको म्हणाली. मग तूच मळ म्हटलं, तर बापू उखडले. "गल धरील त्यानंच चारा मलायचा." आमच्या घरचा नेमच आहे तो. बापूंचा, गुणाजीचा पोरगा असून विसरलो!

७ नोव्हेंबर

"चार दिवस कंपनीत जाऊ नको. तवा सुटंल वास."

चार दिवस! नळी बसवली त्या दिवशीसुद्धा मी शिफ्टला होतो. सुपरवायझर मिथुननं विचारलं, "वडील सिरियस आहेत का?" मासा धरायचाय हे कोणत्या तोंडानं सांगणार? हो म्हटलं. थाप मारल्यासारखं वाटलं. मग वाटलं, थाप कुठे आहे यात.

१० नोव्हेंबर

सुट्टीचा पहिला दिवस. बापूंना खुर्ची घेऊन तळ्यावर नेलं. शेंगदाण्याची पेंड भाजली, भाताचा कोंडा आणि शिळा भात घालून मळली. "करपवू नको. आतून मऊ, वरून घट्ट. म्हंजे बारकी मासली फोडनार नाय." मोठ्या माशाचं तोंड मोठं, गोळाही लिंबाएवढा. पण गळ नाहीच! एकाच जागी, एकाच वेळी नुसता चारा टाकायचा. "आधी जेवू घाल त्याला. भरवसा बसू दे."

११ नोव्हेंबर

चारा टाकून दोन तास बसलो. बापू बोलत होते. आई लग्नानंतर आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती, म्हणे. का, तर वरातीत हे तळ्यावर डोकावून आले! मला पस्तिसाव्या वर्षी कळतंय हे. बोट दुखलं की थांबायचे, मग पुन्हा सुरू.

१२ नोव्हेंबर

आज माशाचं काहीच बोलणं नाही. मी लहानपणी तापानं फणफणलो होतो तेव्हा मला पाठीवर घेऊन पेणपर्यंत चालत गेले होते, ते सांगितलं. मी नुसता गोळे वळत राहिलो. बोलायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर

लागला! तोच चारा, तीच जागा, आत गळ. तंगुसाच्या दोरीनं हात कापला, पण सोडला नाही. नऊ किलो! बापूंनी खवल्यांवरून हात फिरवला. त्यांच्या घशाखाली नुसतं कालवणाचं पाणी गेलं. तरी वाटी संपवली.

१७ नोव्हेंबर

भरती केलं. नर्स फॉर्म भरत होती. भूक? झोप? वास येतो का?

बापू म्हणाले, "नली बसवल्यापासून नाय. नाकातून वाराच जात नाय, वास कसला येतोय?"

"चार दिवस माझ्यापाशी बस" असं म्हणाले असते, तर मी सुट्टी काढली नसती. त्यांना ते माहीत होतं.