बाबांचा साफ केलेला आवाज

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

तुझ्या वाढदिवसाची भेट आठ दिवस आधीच पाठवते आहे. बाबांनी गोष्टी वाचून भरलेल्या चारही कॅसेटी मी स्टुडिओत बसून साफ केल्या. खरखर गेली, आणि मध्येमध्ये तुझं ते घशातलं ‘हुक्’ होतं, तेही एकूण एक वेचून काढलं. आता चारचौघांत खुशाल लाव. मूळ कॅसेटींना बुरशी आली होती, टाकून दिल्या.

माझ्या चिमीला परवा डॉक्टरीणबाईंना दाखवलं. तुझंच ते, टुरेट, आपोआप आवाज निघण्याचं दुखणं. मुद्दाम करत नाही, रागावू नका म्हणाल्या. शाळेत मी अ‍ॅलर्जी आहे असं सांगितलंय. घरात मात्र हल्ली आवाज नाही. नऊ वर्षांची पोर, पण दटावलं की ऐकते. तू मेल्या कधी ऐकलंस?

बाइंडिंगच्या कामात जेवण विसरू नकोस. ताईवरचा लोभ कमी करू नये.

तुझी,
ताई

१३ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

भेट पोचली. दुकान बंद ठेवून ऐकली. बाबा बातम्या देणाऱ्यासारखे वाटले.

ताई, तिसरी कॅसेट बाबांनी मी वसतिगृहात असताना भरून टपालाने पाठवली होती. मी त्या खोलीत नव्हतोच. तू वेचून काढलेली ‘हुक्’ त्यांची होती. लोकांत ते खोकल्याचं सोंग आणायचे, एकटे असले की सुटायचं. वसतिगृहात पोरं मला बेडूक म्हणायची. दर रविवारी रेक्टरांच्या टेपरेकॉर्डरवर मी ती कॅसेट लावायचो, ती गोष्टीसाठी नव्हे. बाबांची झाकली मूठ मीही झाकूनच ठेवली. चुकलंच माझं.

आता चिमीचं. पुस्तकाला शिवण घालताना माझं थांबतं, पण दोरा तोडला की दुप्पट येतं. दाबलेलं कुठे तरी बाहेर पडतंच. तिला विचार.

रागावलो आहे, तरी लोभ आहे.

तुझा,
धाकटा

२१ ऑगस्ट

चि. धाकट्यास, अ. आ.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. वीस वर्षं आवाज ऐकण्याचा पगार घेते आणि बापाचा आवाज ओळखू आला नाही. खटकणारं काही ऐकू आलं की ते तुझंच, असं धरून चालले. पाहुणे आले की तुझं ताट आत नेऊन ठेवणारी मीच होते. तू कधी बोलून दाखवलं नाहीस.

चिमीला सगळं सांगितलं. मामाचं, आजोबांचं, आणि मी काय पुसून टाकलं तेही. मी रडले, ती नाही. आजोबांना मित्र होते का, एवढंच आधी विचारलं. मग म्हणाली, आता बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ठेवायला नको ना.

शाळेतून आल्यावर ती अर्धा अर्धा तास हातपाय धूत असे. किती टापटिपीची मुलगी माझी, म्हणून मी ते शेजारणींना कौतुकाने सांगत होते.

लोभ मागायला तोंड नाही. तिच्यासाठी ये.

ताई