आमच्या गावची चाल

विलारेमा, लुगो
१८ ऑगस्ट २००३

प्रिय दुले,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुला वाटलं असेल, घरी काही वाईट घडलं. घाबरू नकोस. तुझी वहिनी आवेलिना ठणठणीत आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. नाताळात तू तिला कार्ड धाडतेस ते ती मोठ्याने वाचते. माझं लक्ष नाही असं मी दाखवतो, पण वाचून होईस्तोवर जागचा हलत नाही. यंदा उन्हाने मका करपला, बटाटा मात्र छान आला. आईने लावलेल्या चेस्टनटची एक फांदी मोडली. बाकी झाड धडधाकट आहे.

परवा सान रोकेची जत्रा झाली. मिरवणुकीत पुढे मी गायतेची पिशवी बगलेत धरून नळी फुंकत, मागे फुको ढोल घेऊन. सत्तरी आली तरी म्हातारा ढोल असा बडवतो की पोटातलं वाडगाभर कोबीचं सूप ढवळून निघतं! बाबांच्या गायतेची पिशवी मी गेल्या वर्षी बदलली, पण नळ्या त्याच आहेत.

या खेपेला पाहुणे होते. आयर्लंडहून चौघे वादक आले होते, त्यांचा म्होरक्या कॅहल, तांबूस दाढीवाला. तोही नळ्यांचंच वाद्य वाजवतो, पण तोंडाने फुंकत नाही, कोपराखाली भाता दाबतो. फुको म्हणाला, "लोहाराचं पोर दिसतंय!" त्याचे सूर माझ्यापेक्षा वर लागत होते. दोघांनी एकदम वाजवून पाहिलं तर कुत्री भुंकायला लागली. मग त्याने पेटीतून आजोबांच्या वेळची खालच्या सुराची नळी काढली, आणि काय सांगू, दोन्ही वाद्यं एका दावणीच्या गाईंसारखी शेजारी उभी राहिली. आपण आणि हे आयर्लंडवाले एकाच सेल्ट रक्ताचे आहोत की नाही यावर मी जन्मभर लोकांची टर उडवली. परवा दुपारी मात्र तोंड बंद ठेवलं.

ते आले होते एका चालीसाठी. कॅहल म्हणाला (एलादिओ मास्तर इंग्रजी समजावून सांगत होते), "आमच्याकडे ही लग्नात वाजवतात." आणि वाजवायला लागला.

दुले, ती तीच होती, माझ्या कॅसेटवरची.

मास्तर तर हर्षाने उभेच राहिले. दुपारच्या जेवणाला सगळं गाव ओकच्या झाडांखाली बसलं होतं, समोर ऑक्टोपसची ताटं, आणि मास्तरांचं भाषण सुरू. "पाहा! देल्मिरोला वाटतं त्याने बांधली, पण दोन हजार वर्षांपूर्वीच सेल्ट लोकांनी ही चाल होडीतून इकडून तिकडे नेली. रक्ताचं नातं असं बोलतं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ताटाकडे पाहत बसलो.

मग कॅहलने सांगितलं की होडी वगैरे काही नाही. ब्रिटनीत, लोरियाँ बंदरातल्या वादकांच्या मेळ्यात, धक्क्यावर एक बाई गायतेवर ही चाल वाजवत होती. तिनेच त्यांना बसून शिकवली. कोणाची म्हणून विचारलं तर म्हणाली, "आमच्या गावची." गावाचं नाव सांगितलं, म्हणून ते इथे आले.

आमच्या गावची. माझ्या नावाने कॅसेट निघाली हे तुला ठाऊक. मला चोर म्हणायची संधी समोर होती, आणि तू गावाचं नाव घेतलंस.

आवेलिनाने टेबलाखालून पाय हाणला. "एकोणीस वर्षं गिळून बसलायस. आता ओक."

तिला मी कधी सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, देव जाणे.

मी उठलो. म्हणालो, "ही चाल माझी नाही. कॅसेटवर छापलंय ते खोटं आहे. माझ्या बहिणीने, ओब्दुलियाने, चौदाव्या वर्षी गुरं राखताना बांधली. लुगोत ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या माणसाने विचारलं, कोणाची? मी म्हणालो, माझी. ती शेजारीच उभी होती, हातात डफ घेऊन. गायता तिला येत होती, पण बाईने डफच वाजवावा असं मीच म्हणायचो."

मग मास्तर केविलवाण्या आवाजात म्हणाले, "म्हणजे दोन हजार वर्षं नाही?"

"सत्तावीस," मी म्हणालो.

आधी फुको हसला, मग सगळं गाव. हसून झाल्यावर फुकोने टिपरू माझ्या अंगावर फेकलं. "बेरडा! मी एवढी वर्षं तुझ्या नावाने गावोगाव मिरवलो!" आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही. बरोबरच केलं त्याने. कॅहल मात्र खूश. म्हणाला, "बांधणारी जिवंत आहे? मग आमच्या प्रत्येक घरात तिचा एक पेला ठरलेला."

तुला हे आधीच लिहायला हवं होतं. दरवर्षी मनात यायचं, आणि मी गोठ्यात जाऊन काहीतरी दुरुस्त करत बसायचो. तू घर सोडून तिकडे ब्रिटनीत माशांच्या कारखान्यात राबायला गेलीस तेव्हा मी लोकांना सांगितलं, पोरीला पंख फुटले. बस सुटताना तू खिडकीतून पाहत होतीस. मी हात हलवला नाही.

परवा दुपारपासून मात्र हलकं वाटतंय, खरंच. नीट झोप लागते. आवेलिना म्हणते, घोरणंसुद्धा सुरात आलंय.

एक गोष्ट राहिली. आपल्या चालीला दोनच भाग होते. कॅहल तिसरा वाजवतो, खाली उतरत जाणारा आणि शेवटी एकदम उसळणारा. तो तू तिकडे गेल्यावर जोडलास म्हणे. काल दिवसभर त्याच्यापुढे बसून शिकलो. बोटं अडखळली की तो गालात हसायचा. पंचावन्नाव्या वर्षी बहिणीची चाल परक्या माणसाकडून शिकावी लागली.

मास्तर चालीचे सूर नव्या कागदावर उतरवताहेत, बांधणारीचं नाव घालून. त्यांनी विचारलं, चालीचं नाव काय? मला सांगता आलं नाही. तू तिला काहीतरी म्हणत असशीलच. मी कधी विचारलंच नाही. कळव.

आणि एवढं लांबलचक लिहिलं, तरी जे लिहायला बसलो होतो ते अजून लिहिलेलंच नाही. माफ कर, दुले.

तुझा मोठा भाऊ,
देल्मिरो