डोंगराखालचं उत्तर

रविवार, १९ नोव्हेंबर
दुपारची जेवणं उरकून

ती. वन्संना सप्रेम नमस्कार.

गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हटलं की तुम्ही मुद्दाम दोनदा चढता, म्हणून नुसतंच विचारते. इकडे ठीक. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा गळायचा थांबला. कोणी दुरुस्त केला, ते सांगते पुढे.

काल आमच्या छोट्या आगगाड्यांच्या क्लबचं प्रदर्शन झालं. "या वयात झुकझुकगाडी कसली खेळतेस गं?" असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात. पण वन्सं, तुम्ही पाहायला हवं होतंत. हॉलभर टेबलं जोडून आम्ही अख्खा मुलूख मांडला होता. नदी, पूल, दोन स्टेशनं, आणि मधोमध माझा डोंगर. लॅबमध्ये कवळ्यांचे साचे ओततो ना, त्याच प्लास्टरचा! एका कड्याला चक्क दाढेचा आकार आलाय, पण कुणाला बोलू नका.

अधूनमधून आम्ही पडदे ओढून हॉलमध्ये रात्र करायचो. मग टेबलावरच्या घराघरांत गव्हाच्या दाण्याएवढे दिवे लागायचे, नदी काळी चमकायची, आणि लोक आपोआप हळू बोलू लागायचे. एका म्हाताऱ्या बाईंनी मला कुजबुजत विचारलं, "त्या टोकाच्या घरात कोण राहतं हो?"

"अजून कुणी नाही," मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.

अशाच एका खोट्या रात्री एक गाडी माझ्या डोंगराच्या बोगद्यात शिरली ती बाहेरच येईना. माइकवर आमच्या क्लबातले वकीलसाहेब म्हणाले, "प्रवाशांनी धीर धरावा." हशा पिकला. शेवटी स्टेशनमास्तर आणि मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलो. स्टेशनमास्तर म्हणजे पेशाने शिंपी. गाड्यांचं वेळापत्रक त्यांच्याकडे, म्हणून हे नाव. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस... ते असो.

टेबलाखाली वेगळंच जग होतं, वन्सं. चारी बाजूंनी कापड सोडलेलं, डोक्यावर वायरींचं जाळं, लाकडाचा वास. वरून दुसरी गाडी गेली की सगळं आभाळ हळूच थरथरायचं. दिव्यांसाठी पाडलेल्या भोकांतून उजेडाचे धागे खाली आले होते. चांदण्यांच्या मागच्या बाजूला येऊन बसल्यासारखं वाटलं.

पोकळ डोंगरात खालून टॉर्च मारला, तर रुळावर माझ्याच प्लास्टरचा कपचा पडला होता. तो त्यांनी तळहातावर घेतला.

"एकटं जेवायचा कंटाळा आलाय, असं सांगणार होतो," ते म्हणाले. "पण ते खोटं. त्याची सवय झालीय. तुमच्यासोबत जेवावंसं वाटतं. रोज."

"हे असं रांगत विचारताय?"

"उभं राहून धीर झाला नसता."

कापडाच्या फटीतून लोकांचे बूट-चपला दिसत होत्या. तेवढ्यात वकीलसाहेबांचा आवाज आला, "तपास पथकही हरवलं की काय?"

मला हसू फुटलं. मी म्हणाले, "हो."

"हरवलो?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलं."

आम्ही बाहेर आलो. गाडी बोगद्यातून निघाली, टाळ्या पडल्या. दोघांचेही गुडघे प्लास्टरने पांढरेफटक.

नळ त्यांनीच दुरुस्त केला. पुढच्या महिन्यात रजिस्टर लग्न करायचं म्हणतोय. तुमच्या भावाचा फोटो आहे तिथेच राहील. हे मी सांगायच्या आधी तेच म्हणाले.

तुमचा भाऊ गेला तेव्हा कितीतरी दिवस तुम्ही माझ्या शेजारी झोपत होतात. मला झोप लागेपर्यंत पाठीवरचा हात काढायचा नाहीत. म्हणून हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्या कानावर जाऊ नये.

परवानगी मागत नाही, वन्सं. मागितली तर तुम्ही द्याल, आणि मग राग आला तरी गिळाल. तसं करू नका. रागावा, वाट्टेल ते बोला, पण या. तुम्ही नसलात तर माझ्या बाजूने उभं राहणारं कोणी नाही.

खाली सही करताना हात थबकला. नातं तुमच्या भावामुळे जुळलं, पण इतकी वर्षं निभावलं आपण दोघींनी. म्हणून नेहमीचंच लिहिते.

तुम्ही नको म्हणेपर्यंत,
तुमचीच भावजय